दात लवकर सरळ होतील, पण मुळांचे काय?

रविवारी विहारात वंदना झाली, चहा फिरला की आयाबहिणी पिशवीतून आपापले रिपोर्ट काढून आमच्याकडे येतात. कुणाचा शुगरचा, कुणाचा रक्ताचा, कधी सोनोग्राफीचा. यंदाच्या वर्षावासात फुलेनगरातल्या एक ताई वेगळाच कागद घेऊन आल्या. दातांच्या एका खासगी दवाखान्याने दिलेला तो खर्चाचा कागद होता. त्यांची मुलगी 22 वर्षांची, पदवी झालेली. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले आणि एकावर एक चढलेले. लग्न वैशाखात ठरलेले. डॉक्टर म्हणाले होते, नुसत्या तारेने दोन वर्षे लागतील. पण हिरडीत आणि हाडात लहानशी शस्त्रक्रिया केली तर सात-आठ महिन्यांत दात सरळ होतील. तारेचे पैसे वेगळे, शस्त्रक्रियेचे वर 20 हजार.

ताईंनी भिशी उचलायची ठरवले होते. त्यामुळे पैशाबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “दादा, हाडाला कापा मारतात म्हणे. पोरीचे दात मुळातून ढिले तर नाही ना होणार?”

हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना का विचारला नाही, असे आम्ही म्हटले. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसमोर तोंडच फुटत नाही.”

ताईंचा प्रश्न अगदी नेमका होता. तार लावून दात सरळ करण्याच्या उपचारात मुळाची काळजी हीच खरी काळजी असते. आरशात दात सरळ झालेले दिसतात, मुळे मात्र दिसत नाहीत.

दात सरकतो कसा

वरच्या जबड्यातला अगदी मधला दात घ्या. बाहेर दिसतो तो साधारण 10 मिलिमीटर. हाडात रुतलेले मूळ असते साधारण 13 मिलिमीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त दात आपल्याला दिसतच नाही. हे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोघांच्या मध्ये धाग्यांचा एक पातळ पडदा असतो, दोन-तीन केसांच्या जाडीइतका. दात त्या धाग्यांवर टांगलेला असतो म्हणा ना.

तारेने दातावर हलका दाब आला की पुढच्या बाजूचा पडदा दबतो आणि मागचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड भरणाऱ्या. आपल्या वस्तीतल्या बांधकामावर जाणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. पुढची भिंत बिगारी पाडत जातो, मागची भिंत गवंडी बांधत येतो आणि मधली खोली तेवढी सरकते. पाडणे आणि बांधणे ही दोन्ही कामे सावकाश चालतात. म्हणून दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो आणि तारेचा उपचार दीड-दोन वर्षे चालतो. डॉक्टर मुद्दाम वेळ काढतात, असा समज वस्तीत आहे. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

आता अडचण अशी की पाडणाऱ्या बिगाऱ्याचा घण कधी कधी शेजारच्या खांबालाही लागतो. दातांच्या बाबतीत हा खांब म्हणजे मूळ. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. हाड विरघळवणाऱ्या पेशींचीच भावंडे म्हणाव्यात अशा पेशी या थरालाही खड्डे पाडतात. दाब थांबला की बरेचसे खड्डे शरीर स्वतःच बुजवते. पण मुळाचे टोक झिजून गेले तर ते परत वाढत नाही. मूळ कायमचे आखूड होते.

ही माहिती काही नवी नाही. तार लावलेल्या रुग्णांचे एक्स-रे काढून मुळे आखूड होतात हे अमेरिकेतल्या अल्बर्ट केचम यांनी 1927 मध्येच दाखवले होते. त्याला आता शंभर वर्षे होत आली. तार लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मुळांवर थोडीफार झीज होते. बहुतेकांची ती 1-2 मिलिमीटरच्या आत राहते आणि आयुष्यात कधी जाणवतही नाही. शंभरातल्या एक ते पाच जणांचे मात्र 4 मिलिमीटर किंवा मुळाचा एक-तृतीयांश भाग जातो. हे होत असताना दुखत नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. एक्स-रे काढल्याशिवाय ते कळतच नाही.

कोणाची मुळे जास्त झिजतात? वरच्या पटाशीच्या दातांची सर्वांत जास्त. मुळाचे टोक आधीच निमुळते किंवा वाकडे असेल तर जास्त. लहानपणी सायकलवरून पडून किंवा चेंडू लागून त्या दाताला मार बसला असेल तर जास्त. दाब जोराचा दिला किंवा उपचार फार लांबला तरी जास्त. एका घरातल्या दोन भावंडांत ही सवय सारखी दिसते, म्हणून मोठ्या बहिणीची मुळे झिजली असतील तर धाकटीच्या वेळी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर हे वाचून कुणीतरी पोरीची तार उद्याच काढून आणायचे. मुळाचे टोक निमुळते असते. तिथले 2 मिलिमीटर गेले तरी दाताची पकड फारशी कमी होत नाही. तार काढली की झीज थांबते आणि असे दात पुढे पुष्कळ वर्षे टिकतात. पकड खरी जाते ती वरून, हिरडी आणि तिच्याखालचे हाड उतरत गेले की. आपल्या वस्त्यांत ते उतरते मिशेरीने, तंबाखूने आणि दातांवर साठलेल्या किटणाने. मिशेरी लावणारी आई मुलीच्या मुळांची काळजी करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. (या ताई लावत नाहीत. दुसऱ्या लावतात, त्या हे वाचतीलच.)

हाडाला चीर कशासाठी

हाडाला इजा झाली की त्या जागी शरीराची सगळी यंत्रणा जागी होते. मोडलेला हात प्लास्टरमध्ये जुळून येतो तो याच जोरावर. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायांना हे वेगळे सांगायला नको. छाटणी झाली की वेल फुटायला धावते. ती धाव काही आठवडे असते, वर्षभर नाही. हाडाचेही तसेच. इजेच्या आसपासचे हाड काही काळ मऊ पडते, त्यातला चुना कमी होतो, जुने हाड भराभर जाते आणि नवे येते. हॅरोल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थितज्ज्ञांनी 1983 मध्ये हे नीट मांडले.

दातांच्या डॉक्टरांनी हीच युक्ती वापरली. त्याची सुरुवात जुनी आहे. 1959 मध्ये हाइनरिख कोले यांनी दातांच्या मधल्या हाडाच्या कडक सालीला चिरा देऊन दात लवकर सरकवून दाखवले. त्यांना वाटले, दातासकट हाडाचा ठोकळाच सरकतो. पुढे 2001 मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी स्कॅनच्या आधारे सांगितले की ठोकळा वगैरे काही सरकत नाही, हाड तात्पुरते मऊ पडते आणि नंतर पुन्हा घट्ट होते. या बंधूंपैकी एक हिरड्यांचे डॉक्टर, दुसरे तारेचे. त्यांनी चिरांसोबत हाडाची भुकटी भरण्याचीही पद्धत आणली. याला कॉर्टिकोटॉमी म्हणतात. त्यात हिरडी उलगडून हाड उघडे करावे लागते. नंतर हलक्या पद्धती निघाल्या. पिझोसिजनमध्ये हिरडी न उलगडता बारीक काप घेऊन कंपन पावणाऱ्या पात्याने हाडात चीर देतात. आणखी एका पद्धतीत स्क्रूसारख्या हत्याराने हाडाला लहान लहान भोके पाडतात. तिन्ही गोष्टी जागा बधिर करून होतात, माणूस त्याच दिवशी घरी जातो, दोन-चार दिवस सूज राहते.

दात लवकर सरकतात का? हो, सुरुवातीला सरकतात. पण ही धाव तीन-चार महिन्यांत ओसरते. मऊ पडलेल्या हाडाचा फायदा घ्यायचा तर दर दोन आठवड्यांनी जाऊन तार आवळून घ्यावी लागते. नेहमीच्या तारेला महिन्यातून एकदा जावे लागते. ताईंची मुलगी एका दुकानात कामाला आहे, एक दिवस गेली नाही की एक दिवसाचा पगार गेला. दर पंधरा दिवसांनी जमणार नसेल तर हाडाला चीर दिली काय आणि न दिली काय, मधले आठवडे वाया जातात. दुखले की आपण मेडिकलमधून कोणतीही गोळी आणून घेतो. या शस्त्रक्रियेनंतर ते चालत नाही. सूज उतरवणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या हाडाची ही धावही मंद करतात. म्हणून डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. शस्त्रक्रियेने मुळे वाचतात की जास्त झिजतात? दोन्ही बाजूंनी बोलणारे तज्ज्ञ आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. एक बाजू म्हणते, हाड मऊ झाले म्हणजे मुळावर कमी ताण आणि उपचार लवकर संपला म्हणजे घण चालण्याचे दिवसही कमी. दुसरी बाजू म्हणते, इजेने हाड विरघळवणाऱ्या पेशींची गर्दी वाढवायची आणि त्यांनी मुळाला हात लावू नये अशी अपेक्षा धरायची, हे कसे जमेल?

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे फार सरळ पद्धतीने तपासले. तारेच्या उपचारासाठी ज्यांच्या उपदाढा तशाही काढायच्या होत्या, त्यांच्या एका बाजूच्या उपदाढेजवळ शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या बाजूला केली नाही आणि दोन्हींवर चार आठवडे सारखाच दाब दिला. मग दात काढून सूक्ष्म स्कॅनखाली मुळांवरचे खड्डे मोजले. 2017 मध्ये छापलेल्या पिझोसिजनच्या पाहणीत शस्त्रक्रियेच्या बाजूला सरासरी 44 टक्के जास्त झीज निघाली. 2018 मधल्या भोके पाडण्याच्या पद्धतीच्या पाहणीत 42 टक्के. पहिल्या पाहणीत काही मुळांना तर पात्याचाच घाव लागलेला आढळला. दोन मुळांमध्ये जागा एक-दोन मिलिमीटरची आणि हिरडी न उघडता पाते आत घालायचे, म्हणजे हात किती नेमका हवा ते पाहा.

पण हे आकडे घेऊन घाबरायचेही नाही. या पाहण्या लहान होत्या, चार आठवड्यांच्या होत्या आणि त्यांत मोजले ते खड्डे, मुळाची आखूड झालेली लांबी नव्हे. जास्त काळ चाललेल्या काही अभ्यासांत शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या मुळांत फरक दिसलेला नाही. सगळे पुरावे गोळा करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरलेले अभ्यास निघाले फक्त 4 आणि त्यांतले रुग्ण सगळे मिळून 57. निष्कर्ष असा की दात थोडे लवकर सरकतात असे दिसते, पण पुरावा कच्चा आहे. म्हणून “मुळांना काहीच होत नाही” असे कुणी छातीठोक सांगत असेल तर तो पुराव्यापेक्षा पुढे जाऊन बोलतो आहे. आमचे मत विचाराल तर नुसत्या तारखेसाठी, म्हणजे लग्न, साखरपुडा, फोटो यांच्यासाठी, निरोगी तरुण मुलीच्या हाडाला चीर देऊ नये. वयस्क माणसाचे घट्ट हाड किंवा जबड्याची विशेष अडचण असेल, तिथे तज्ज्ञांनी विचारपूर्वक सुचवले तर गोष्ट वेगळी. हिरड्यांतून रक्त-पू येत असेल, शुगर वाढलेली असेल किंवा तंबाखू चालू असेल तर मात्र आधी ते सगळे नीट करायचे, शस्त्रक्रियेचे बोलणे नंतर.

घाई रुग्णाला नेहमीच असते. महावग्गात जीवकाची एक कथा येते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करण्याआधी जीवक त्याच्याकडून कबूल करून घेतो की तो एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहील. शस्त्रक्रिया झाल्यावर श्रेष्ठी सातच दिवसांत कंटाळतो. असे तीनदा होते आणि 21 दिवसांत तो बरा होतो. जीवक म्हणतो, महिने सांगितले नसते तर तू एवढे दिवसही राहिला नसतास. आजचे काही दवाखाने बरोबर उलटे करतात. दोन वर्षांचे काम सात महिन्यांत म्हणून सांगतात.

सुळा अडकला असेल तर थांबू नका

हे सगळे वाचून “दातासाठी हाड कापायचेच नाही” असा निष्कर्ष काढाल तर आमचे लिहिणे अंगलट येईल. एक शस्त्रक्रिया अशी आहे की ती टाळली तरच मुळे जातात.

वरचा सुळा साधारण 11 ते 13 व्या वर्षी येतो. शंभरातल्या एक-दोन मुलांचा तो हाडातच अडकतो, मुलींमध्ये जास्त. अडकलेला सुळा नुसता झोपून राहत नाही. आडवा-तिडवा सरकत तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर येतो आणि ते मूळ खाऊन टाकतो. सीटी स्कॅन आल्यावर कळले की साध्या एक्स-रेवर दिसते त्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा घडते. यातही दुखत नाही. आपल्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा दुधाचा सुळा तसाच असेल तर घरची म्हणतात, “येईल सावकाश.” कधी कधी तो येतच नाही आणि विशीत पुढचा दात हलायला लागतो.

इलाज आहे. नवव्या-दहाव्या वर्षी पटाशीच्या बाजूला हिरडीवर बोट फिरवले तर येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. दोन्ही बाजूंना सारखा लागला तर ठीक. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, किंवा दहा-अकरापर्यंत कुठेच लागला नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा. सुळा टाळूच्या बाजूला वळत असल्याचे वेळेत कळले तर पुष्कळदा दुधाचा सुळा काढून टाकल्यावर तो आपोआप वाटेवर येतो. शस्त्रक्रियाही लागत नाही. वेळ निघून गेली असेल तर हिरडी आणि वरचे हाड थोडे काढून सुळा उघडा करतात, त्याला बटण चिकटवतात आणि तारेने हळूहळू खाली ओढून आणतात. इथे शस्त्रक्रिया वेळ वाचवण्यासाठी नसते, शेजारच्या दाताचे मूळ वाचवण्यासाठी असते. हिला नाही म्हणू नये.

डॉक्टरसमोर तोंड उघडायचे

ताईंसोबत आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले. तार बसवण्याआधी सगळ्या मुळांचा एक्स-रे काढून तो आम्हाला दाखवाल का? शस्त्रक्रिया केली नाही तर बिघडेल काय, की फक्त वेळ जास्त जाईल? सहा महिन्यांनी पुढच्या दातांचा पुन्हा एक्स-रे काढाल का आणि मुळे झिजताना दिसली तर काय कराल? (योग्य उत्तर असे: दोन-तीन महिने दाब थांबवू, मग पुन्हा पाहू.) आणि तार स्वतः कोण लावणार? दातांच्या साध्या पदवीनंतर तीन वर्षे याच विषयाचे एम.डी.एस. केलेला डॉक्टर, ज्याला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, तोच लावणार की दुसरे कुणी?

ताई म्हणाल्या, एवढे विचारले तर डॉक्टर चिडतील. कालामांनी तथागतांनाच विचारले होते की इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानायचे? तथागत चिडले नाहीत. कुणी मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे त्यांनी सांगितले. मग पदवीच्या चौकटीखाली बसलेल्या डॉक्टरला एक्स-रे मागायला काय हरकत? आणि ही तर पंचवटी आहे. 2 मार्च 1930 ला आपले आजे-पणजे बाबासाहेबांच्या हाकेने काळारामाच्या दाराशी आले आणि पुढे पाच वर्षे हटले नाहीत. हे ऐकून ताई हसल्या. “तेव्हा माझी आजी होती तिथं,” म्हणाल्या. “तिला दात नव्हतेच म्हणा शेवटी.”

दुसरे मत घ्यायला लांब जावे लागत नाही. पंचवटीतच मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत एम.डी.एस. करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तार लावतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. रांग मात्र असते, एका खेपेला सकाळ जाते आणि उपचार काही लवकर संपत नाही. जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि लहानपणी दाताला लागलेला मार, एवढे लक्षात ठेवून न्यावे. महाविद्यालयात नाही जमले तर दुसऱ्या खासगी ऑर्थोडॉन्टिस्टला कागद दाखवावा. चीर दिल्यानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारणे स्वस्त पडते.

ताईंच्या मुलीचा एक्स-रे निघाला तेव्हा वरच्या दोन्ही मधल्या दातांची मुळे टोकाला निमुळती होती आणि डावे थोडे आखूड होते. सातवीत असताना शाळेच्या पायऱ्यांवर तोंडावर पडली होती, हे तेव्हा तिला आठवले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले, हलक्या दाबाची तार लावली आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचे ठरवले. नवऱ्या मुलाला तिने स्वतः फोन करून सांगितले की लग्नात दाताला तार असेल. तो म्हणाला, मग फोटोत तोंड मिटून हसू नकोस.

भिशीचे पैसे ताईंनी उचलले नाहीत. त्यांचा पुढचा नंबर फाल्गुनात आहे.